संहितेतील समास व पडद्यावरील मांडणी : बारामतीची आर्या आणि इंदापूरचे जमीन-दप्तर

मराठी संहिता संगणकावर उतरवून घेण्याचे काम आज भाषा, इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या सर्वच विषयांच्या अभ्यासकांस करावे लागते. अक्षरे बिनचूक उतरली म्हणजे संहिता बिनचूक उतरली, असे या कामी सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु ओळ कोठे संपते, ती समासापासून किती आत सुरू होते, दोन रकान्यांमधील मोकळी जागा कोणत्या चिन्हाने भरली आहे, या गोष्टीही पुष्कळदा संहितेच्या अर्थाचाच भाग असतात. टेक्स्ट एडिटर या साधनात या गोष्टी काही सेटिंगवर अवलंबून राहतात. आणि ही सेटिंग बहुधा कोणी विचारपूर्वक ठरविलेली नसतात, साधनाबरोबर आलेली तशीच वापरली जातात. त्यांतील कोणती संहितेस हात लावतात आणि कोणती केवळ तिचे दर्शन बदलतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, नीरेच्या उत्तर तीरावरील बारामती व इंदापूर या दोन शेजारी तालुक्यांशी निगडित असलेले दोन संहिताप्रकार घेतले आहेत. पहिला, बारामतीस राहून मोरोपंतांनी रचलेल्या आर्यांचा. दुसरा, ज्या जमीनमोजणीचा प्रारंभ इंदापूर तालुक्यात झाला तिच्या परंपरेतील कोष्टकांचा. पहिल्यात ओळ महत्त्वाची, दुसऱ्यात रकाना. एडिटरच्या मांडणीविषयीचे बहुतेक सर्व प्रश्न या दोहोंत सामावतात.

१. एडिटर आणि त्याची मर्यादा

टेक्स्ट एडिटर आणि शब्दसंस्कारक यांत मूलभूत भेद आहे. शब्दसंस्कारकाच्या फाइलीत अक्षरांबरोबर फॉन्ट, आकार, समास, कोष्टकाच्या रेषा इत्यादी माहितीही साठविलेली असते. टेक्स्ट एडिटरच्या फाइलीत मात्र एकामागून एक येणाऱ्या चिन्हांची केवळ एक रांग असते. अक्षरे, विरामचिन्हे, स्पेस, टॅब आणि ओळमोड ही सर्व त्या रांगेतील चिन्हेच होत. यापलीकडे जे जे पडद्यावर दिसते, म्हणजे अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, रंग, ओळींचे क्रमांक, टॅबची रुंदी, ते सर्व पाहणाऱ्याच्या एडिटरने त्या क्षणी निर्माण केलेले असते. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की ते मागेच राहते.

या साधेपणामुळेच संशोधनाच्या कामी साधी टेक्स्ट फाइल उपयुक्त ठरते. ती कोणत्याही यंत्रावर उघडते, तिच्या दोन प्रतींची ओळीगणिक तुलना करता येते आणि तिच्यावर स्वतःची आज्ञावली चालविता येते. मात्र जी गोष्ट अर्थास आवश्यक आहे ती त्या चिन्हांच्या रांगेतच असली पाहिजे, अशी जबाबदारीही त्यामुळे अभ्यासकावर येते.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे उदाहरण युनिकोडपूर्व काळातील मराठी फाइलींत सापडते. त्या काळी अनेक देवनागरी फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकृत्या बसवून तयार केलेले असत. फाइलीत साठविलेले संकेत रोमन असत. मराठी दिसे ती केवळ विशिष्ट फॉन्टच्या कृपेने. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल निरर्थक रोमन अक्षरांची माळ ठरे. संहितेचा अर्थच तेथे दर्शनाच्या स्वाधीन केलेला होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीत देवनागरीस स्वतंत्र संकेत मिळाले आणि पुढे त्यांचा वापर रूढ झाल्यावर अक्षरांपुरता हा दोष दूर झाला. समास व रकाना यांच्या बाबतीत तो अद्यापि ठिकठिकाणी आढळतो.

२. टॅब आणि स्पेस

‘टॅब’ हा शब्द टंकलेखन यंत्रावरील टॅब्युलेटरपासून आला. कोष्टक टंकलिखित करताना ठरलेल्या थांब्यांवर गाडा एका दाबासरशी नेणे, हे त्या कळीचे काम. म्हणजेच तिचा जन्म समासासाठी नसून रकान्यांसाठी झाला. संगणकातही टॅब हे एकच चिन्ह असून त्याचा अर्थ ‘पुढील थांब्यापर्यंत सरकावे’ असा आहे. थांबे किती अंतरावर मानावेत हे फाइल सांगत नाही, एडिटर ठरवितो. विम या एडिटरमध्ये मुळात दर आठ घरांवर थांबा असतो, तर व्हीएस कोडमध्ये चार घरांवर. एकच फाइल दोन अभ्यासकांस वेगवेगळ्या समासांनी दिसते ती यामुळे.

स्पेसचे तसे नाही. चार स्पेस म्हणजे सर्वत्र चार चिन्हेच. म्हणून समासासाठी टॅबऐवजी स्पेस वापरण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे; पायथन भाषेच्या प्रचलित लेखननियमांत प्रत्येक पातळीस चार स्पेसांची शिफारस आहे. पायथनमध्ये समास हा वाक्यरचनेचाच भाग असल्यामुळे तेथे टॅब व स्पेस यांची अर्थ संदिग्ध करणारी सरमिसळ झाल्यास आज्ञावली नाकारली जाते. याउलट मेकफाइल या प्रकारात आज्ञेची ओळ सामान्यतः टॅबनेच सुरू व्हावी लागते. तेथे आठ स्पेस घातल्यास डोळ्यांस फरक दिसत नाही, परंतु काम अडते. तात्पर्य, टॅब चांगला की स्पेस, या वादास सर्वसाधारण उत्तर नाही. फाइल कोणत्या प्रकारची आहे यावर ते अवलंबून आहे.

एडिटरमध्ये या संदर्भात तीन सेटिंग निरनिराळी ओळखावी लागतात. पहिले, टॅबचे चिन्ह किती घरे रुंद दिसावे. हे केवळ दर्शनाचे आहे. दुसरे, टॅबची कळ दाबली असता टॅबचे चिन्ह उमटावे की त्याऐवजी स्पेस. हे संहितेस स्पर्श करते. तिसरे, समासाची एक पातळी किती घरांची मानावी. हे पुढील लेखनापुरते आहे. विममध्ये यांस अनुक्रमे टॅबस्टॉप, एक्स्पांडटॅब व शिफ्टविड्थ अशी नावे आहेत (ती प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावयाची). पहिले सेटिंग बदलल्याने फाइलीतील एकही चिन्ह बदलत नाही. दुसरे बदलल्याने त्यानंतर लिहिलेली प्रत्येक ओळ वेगळी होऊ शकते. व्हीएस कोडमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: उघडलेल्या फाइलीतील मजकुरावरून तो समासाची पद्धती स्वतःच ताडतो आणि वापरणाऱ्याने दिलेले सेटिंग बाजूस सारतो. ही सोय बंद करता येते.

३. आर्येची ओळ

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचे काव्यलेखन मुख्यतः बारामतीस, बाबूजी नाईक यांच्या आश्रयाखाली झाले. आर्या हे त्यांचे आवडते वृत्त. मराठीत ‘आर्या मयूरपंतांची’ ही ख्याती त्यामुळेच झाली. मोरोपंतांच्या बहुसंख्य आर्या शास्त्रदृष्ट्या गीती या प्रकारच्या आहेत: प्रत्येक अर्धात बारा व अठरा अशा तीस मात्रा. हे मात्रावृत्त असल्यामुळे मात्रा निश्चित असल्या तरी अक्षरसंख्या निश्चित नसते. गुरू अक्षरे अधिक आली की अर्ध आखूड दिसतो, लघू अधिक आली की लांबतो. यास्तव ओळीची लांबी पाहून अर्ध पुरा झाला की नाही हे कळत नाही. ओळमोड हीच ती माहिती देणारी खूण ठरते.

पोथीत ही खूण नसे. मजकूर सलग लिहिलेला, ओळ कागदाच्या काठाशी संपणारी, आणि पद्याची सीमा दंड, दुहेरी दंड व क्रमांक यांनी दर्शविलेली, अशी तेथील पद्धत. छापील आवृत्त्यांत आर्या दोन ओळींत मांडण्याचा प्रघात पडला. म्हणजे पोथीची ओळ ही लेखनसाहित्याची ओळ होती आणि छापील ओळ ही वृत्ताची ओळ झाली. संगणकावर संहिता उतरविणाऱ्याने या दोहोंपैकी आपण कोणती नोंदवीत आहोत हे प्रथम ठरविले पाहिजे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या प्रकल्पाच्या संकेतावलीत पद्याच्या ओळीस एक खूण आणि मूळ प्रतीतील ओळमोडीस दुसरी खूण अशी स्वतंत्र योजना आहे, ती याच कारणास्तव.

एडिटरात येथे पहिला धोका आहे तो ओळीच्या घडीचा. खिडकीपेक्षा ओळ लांब असेल तर एडिटर ती दुमडून पुढील रांगेत दाखवितो. ही दृश्य घडी होय. फाइलीत तेथे ओळमोड नसते. विममध्ये ही घडी मुळातच चालू असते, व्हीएस कोडमध्ये मुळात बंद असते. एखाद्या अर्धाचे शेवटचे दोन शब्द दुमडून खाली आले म्हणजे दोन ओळींची आर्या तीन वा चार ओळींची दिसते, आणि नवखा प्रतिलेखक तेथे खरीच ओळमोड देऊन मोकळा होतो. उपाय दोन आहेत. ओळींचे क्रमांक दाखविण्याचे सेटिंग चालू ठेवावे. दुमडलेल्या भागास नवा क्रमांक मिळत नाही, त्यामुळे घडी व ओळमोड यांतील भेद स्पष्ट राहतो. शिवाय दुमडलेला भाग मूळ ओळीपेक्षा काही घरे आत दिसावा असे सेटिंग करावे. छापील पुस्तकात लांब ओळीचा उरलेला भाग आत सरकवून मांडतात, त्याचेच हे पडद्यावरील रूप होय.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ठरावीक रुंदीनंतर आपोआप ओळ मोडणारे, किंवा परिच्छेद नव्याने ‘भरणारे’ सेटिंग गद्यासाठी उपयुक्त असते. पद्याच्या फाइलीत ते चालू राहिले तर ओळी एकमेकींत मिसळतात आणि वृत्ताची ओळ नाहीशी होते. येथे केवळ दर्शन बिघडत नाही, संहिताच बदलते. आणि फाइल जतन केल्यानंतर मूळ ओळी परत मिळविण्यासाठी पुन्हा छापील प्रतीशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मार्कडाउन या लेखनपद्धतीत तर ओळीच्या शेवटी दिलेल्या दोन स्पेसांचा अर्थ ‘येथे ओळ मोडावी’ असा असतो. ‘ओळीअखेरच्या स्पेस काढून टाकाव्यात’ हे एरवी निरुपद्रवी सेटिंग तेथे दोन्ही अर्ध एकत्र जोडून टाकते.

दुसऱ्या अर्धाच्या प्रारंभी स्पेस घालून तो आत सरकविण्याची सवयही टाळण्याजोगी आहे. तो समास शोभेचा आहे, वृत्ताचा नाही. पुढे शब्दसूची किंवा चरणसूची करताना त्या स्पेस वेगळ्या काढाव्या लागतात. अर्धाचा क्रम ओळीच्या क्रमानेच कळतो. समास द्यावयाचा तो मुद्रणाच्या वेळी द्यावा.

४. इंदापूरचा रकाना

आर्येत ओळीला जे स्थान, ते जमीन-दप्तरात रकान्याला. प्रिंगल यांनी दख्खनमध्ये केलेली आकारणी अयशस्वी ठरल्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी सुरू केली, आणि तेथे १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीची तत्त्वे निश्चित केली. शेत हे एकक, त्याचा क्रमांक, क्षेत्र, जमिनीची प्रत आणि तीवरून ठरणारा आकार, अशी ही रचना मुळातच कोष्टकाची आहे. आजच्या सातबाऱ्यातील गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांच्या रकान्यांमागे तीच परंपरा उभी आहे.

अशा नोंदींवर काम करणारा अभ्यासक सामान्यतः प्रत्येक शेतास एक ओळ आणि दोन रकान्यांमध्ये एक टॅब, अशी फाइल तयार करतो. समजा, रकाने पुढीलप्रमाणे आहेत: गट क्रमांक, हिस्सा, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब, आकार. ज्या गटाचा हिस्सा पडलेला नाही तेथे हिस्स्याचा रकाना रिकामा राहतो, म्हणजे फाइलीत दोन टॅब लागोपाठ येतात. येथे टॅबऐवजी स्पेस उमटविणारे सेटिंग चालू असेल तर रकान्यांमधील सीमाच नष्ट होते. पुढे कोणी ‘जेथे स्पेस तेथे रकाना’ असे मानून ही फाइल वाचली म्हणजे रिकामा रकाना गळतो, क्षेत्र हिस्स्याच्या जागी जाते, पोटखराब क्षेत्र लागवडीयोग्य ठरते आणि आकाराचा आकडा पोटखराबीत जमा होतो. ओळीतील प्रत्येक आकडा बरोबर असूनही नोंद चुकीची होते. अशी चूक नजरेस पडणे कठीण, कारण आकडे मूळ दप्तराशी जुळतात; केवळ त्यांचे स्थान जुळत नाही.

ओळीअखेरच्या मोकळ्या जागा काढणारे सेटिंग येथेही घातक ठरते. शेवटचे एक-दोन रकाने रिकामे असतील तर त्यांचे अस्तित्व केवळ ओळीअखेरच्या टॅबांनीच नोंदलेले असते. ते टॅब काढले गेले की काही ओळींत पाच रकाने आणि काहींत तीनच उरतात.

जुन्या नोंदींत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. ‘२–१५’ हे दोन एकर पंधरा गुंठे आहेत, दोन पूर्णांक पंधरा शतांश एकर नव्हेत. त्यामुळे एकर व गुंठे यांस स्वतंत्र रकाने देणे श्रेयस्कर. रकान्याच्या सीमेत किती अर्थ भरलेला असतो, हे यावरूनही ध्यानात येईल.

५. अक्षर, संकेत आणि घर

टॅबऐवजी स्पेस मोजून रकाने सरळ रेषेत आणावेत, असा विचार स्वाभाविकपणे सुचतो. रोमन लिपीत समान रुंदीच्या फॉन्टमध्ये तो यशस्वी होतो. देवनागरीत मात्र तो टिकत नाही. याचे कारण या दोन तालुक्यांच्या नावांवरूनच दाखविता येते.

‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ या दोन्ही शब्दांत चार अक्षरे आहेत. युनिकोडचे संकेत मोजले तर दोहोंत सातच येतात: पहिल्यात ब, आकार, र, आकार, म, त, दीर्घ ईकार, दुसऱ्यात इ, अनुस्वार, द, आकार, प, दीर्घ ऊकार, र. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून साठवणीतही दोन्ही शब्द एकवीस बाइटांचे. छंदःशास्त्राप्रमाणे मात्रा मोजल्या तरी दोहोंच्या सातच भरतात. तथापि अनेक टर्मिनलांत रूढ असलेल्या गणनेप्रमाणे अक्षराच्या वर किंवा खाली बसणाऱ्या चिन्हास शून्य घर आणि बाजूस बसणाऱ्या काना-वेलांटीस एक घर दिले जाते. त्या हिशेबाने ‘बारामती’ सात घरे व्यापते आणि ‘इंदापूर’ पाचच. काही प्रणाली काना-वेलांटीसही वेगळे घर देत नाहीत. तेथे दोन्ही शब्द चार घरांचे होतात. जोडाक्षरांनी ही विषमता आणखी वाढते: ‘क्ष’ हे डोळ्यांस एक, मोजणीस तीन संकेत.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. एका यंत्रावर स्पेस घालून सरळ केलेला देवनागरी रकाना दुसऱ्या यंत्रावर सरळ राहीलच, याची शाश्वती नाही. फाइलीत रकान्याची सीमा एका टॅबने दर्शवावी आणि ती डोळ्यांस सरळ दिसण्यासाठी कोष्टक-दर्शनाची पूरक सोय वापरावी, किंवा फाइल कोष्टकपत्रकात उघडून पाहावी. सरळपणा फाइलीत कोरण्याचा प्रयत्न करू नये.

६. केवळ दर्शनाची सेटिंग

ज्यांनी संहिता बदलत नाही अशा सेटिंगबाबत मोकळेपणा ठेवण्यास हरकत नाही. परंतु वाचन बिनचूक होण्यास त्यांचे साहाय्य मोठे असते. देवनागरीत रफार, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार खाली येतात. रोमन लिपीसाठी ठरविलेल्या ओळींच्या अंतरात ते एकमेकांस भिडतात आणि अनुस्वार निसटतो. अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट अंतर ठेवल्यास हा त्रास टळतो.

मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ काही फॉन्टांत हिंदी वळणाने दिसतात. संकेत तोच असल्यामुळे ही संहितेतील चूक नव्हे; फॉन्ट बदलून ती दूर होते. याउलट ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो: एकदा ‘ऱ’ व हलन्त यांनी, एकदा ‘र’, हलन्त व झिरो-विड्थ जॉइनर या अदृश्य चिन्हाने. दिसण्यात दोन्ही सारखे, परंतु एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडत नाही. तीच गोष्ट दुहेरी दंडाची: त्याचे स्वतंत्र चिन्ह असताना दोन एकेरी दंड लिहिले किंवा कळफलकावरील उभी रेघ वापरली, तर पद्यांची गणना चुकते. यास्तव प्रतिशोधनाच्या वेळी स्पेस, टॅब व अदृश्य चिन्हे दाखविण्याचे सेटिंग चालू ठेवणे अगत्याचे आहे. विममध्ये ‘लिस्ट’ आणि व्हीएस कोडमध्ये ‘रेंडर व्हाइटस्पेस’ या नावांनी टॅब व स्पेस दाखविण्याची सोय उपलब्ध आहे.

ठरावीक अक्षरे रंगाने उठून दाखविण्याची सोयही अभ्यासास उपकारक ठरते. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण टाळलेले आहेत. प, फ, ब, भ, म ही अक्षरे रंगविण्याचा नियम एडिटरास दिला, तर प्रतिलेखनात शिरलेला एखादा ओष्ठ्य वर्ण तत्काळ नजरेत भरतो.

७. सेटिंग फाइलीबरोबर ठेवणे

आतापर्यंतच्या विवेचनावरून दिसून येईल की एका अभ्यासकाने आपल्या यंत्रावर योग्य सेटिंग केल्याने काम भागत नाही. विभागातील प्रकल्पात अनेक हात लागतात. यासाठी एडिटरकॉन्फिग या नावाने प्रचलित असलेली पद्धती उपयोगी पडते. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवावयाची आणि तीत फाइलीच्या प्रकारानुसार नियम लिहावयाचे. काही एडिटर ती स्वतः वाचतात, काहींना पूरक घटक जोडावा लागतो. येथे विचारात घेतलेल्या संहितांसाठी ते नियम पुढीलप्रमाणे असावेत:

(अ) सर्व फाइली: संकेतन यूटीएफ-८, ओळमोडीचे चिन्ह सर्वत्र एकच, फाइलीच्या अखेरीस एक ओळमोड.

(आ) पद्याच्या फाइली: समास नाही, स्वयंचलित ओळमोड नाही, मार्कडाउन असल्यास ओळीअखेरच्या स्पेस काढावयाच्या नाहीत.

(इ) कोष्टकांच्या फाइली: टॅब हे टॅबच राहावे, त्याच्या स्पेस होऊ नयेत, ओळीअखेरची मोकळी जागा काढावयाची नाही, दर्शनासाठी टॅबची रुंदी सोळा घरे किंवा सोईप्रमाणे.

(ई) पायथन आज्ञावली: समास चार स्पेसांचा, टॅब वर्ज्य, ओळीअखेरची मोकळी जागा काढावी.

फॉन्ट, रंग व ओळींचे अंतर यांचा या नियमांत समावेश नाही, आणि तो नसणेच योग्य. ज्याच्या त्याच्या दृष्टीच्या सोयीचा तो प्रश्न आहे.

मोडी दफ्तराच्या कागदास उभ्या घड्या घालून लेखक समास व रकाने सांभाळीत. घडी कागदाचीच असल्यामुळे तो कागद जेथे जाई तेथे ती जाई. संगणकाच्या पडद्यावरील समास मात्र संहितेपासून सुटा होऊ शकतो. म्हणून जो समास, जी ओळमोड, जो रकाना अर्थ वाहतो, तो चिन्हरूपाने संहितेत लिहावा. जो केवळ वाचनास सुखकर आहे तो एडिटरकडे सोपवावा. आणि या दोहोंमधील सीमा कोठे आखली आहे, ते नियमरूपाने संहितेशेजारीच ठेवावे. एवढी दक्षता घेतली, तर आर्येचा अर्ध अर्धच राहील आणि पोटखराब क्षेत्र लागवडीखाली जाणार नाही.